तूर्त ताबा नाही

साथ ओसरेपर्यंत कोणालाही राहत्या घरातून बाहेर काढायचं नाही, असा हुकूम निघाल्याचं दादाने मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा ती पडद्याच्या खालच्या दुमडीत वजनाची साखळी ओवत होती. सुई बोटात गेली नाही, हातातून काही पडलं नाही. तिने साखळी शेवटपर्यंत ओवली, दुमड शिवली, दोरा दाताने तोडला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण ऐकलं आहे. परवा कोर्टाचा माणूस येणार होता. भाडेकरूला बाहेर काढून तिला तिच्या घराचा ताबा देणार होता. बॅग भरून झाली होती, हे शेवटचे पडदे तेवढे राहिले होते. आतल्या खोलीत वहिनी भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. "म्हणजे वन्संचं जाणं?" तिने आतूनच विचारलं. "पुढे गेलं," दादा म्हणाला. "किती पुढे?" "साथ ओसरेपर्यंत, असं म्हणतायत." "हो का," वहिनी म्हणाली. नळ पुन्हा सुरू व्हायला जरा वेळ लागला, आणि त्या मधल्या शांततेत तिला स्वच्छ कळलं की आपलं पाहुणेपण संपलं. आता आपण इथे नुसत्याच आहोत.

पाहुण्याला निघायची तारीख असते, म्हणून त्याचं सगळं गोड असतं. आतापर्यंत वहिनी तिला चहा आणून देत होती. दुसऱ्या दिवशी चहा ओट्यावर झाकून ठेवलेला सापडला, आणि त्यात वहिनीचं काही चुकलंय असं तिलाही म्हणता येईना. भाचीची खोली तिने अडवली होती. भाची हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची, तिचे कपडे मात्र याच खोलीतल्या कपाटात होते, त्यामुळे सकाळी दारावर टकटक करून "आत्या, येऊ?" असं तिला स्वतःच्याच खोलीत शिरायला विचारावं लागायचं. ते "येऊ?" तिला दिवसभर पुरायचं. ती पलंगाच्या एका कडेला निजायची, चादरीवर सुरकुती राहणार नाही अशी उठायची, बाथरूममधला आपला साबण कोरडा करून परत पिशवीत ठेवायची. या सगळ्याचा तिला सराव होता. लहानपणी वडिलांच्या बदल्या, मग लग्नानंतर नवऱ्याचं घर, जे खरं तर सासऱ्याचं होतं आणि नंतर कळलं की दिराचं होतं. आयुष्यभर तिने लोकांच्या खिडक्यांची मापं घेतली होती. पडद्यांच्या दुकानातून टेप आणि शिडी घेऊन ती घराघरांत जायची, बायका विचारायच्या, "जाड कापड बरं की पातळ?" आणि ती सांगायची, "ते तुम्हाला काय झाकायचंय त्यावर आहे." बायका हसायच्या. ती शिडीवरून त्यांच्या खोल्या पाहायची, वरून, पंख्याच्या उंचीवरून, जिथून कुठलंही घर केविलवाणं दिसतं.

त्या शिलाईच्या पैशातूनच तिने ते घर घेतलं होतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, समोर शीतगृहाची लांबच लांब भिंत. किल्ली मिळाली त्या दिवशी ती दुकानातून परस्पर एकटीच गेली. आत विजेचे दिवेही लागले नव्हते, बटणांच्या जागी भिंतीत चौकोनी भोकं होती आणि ओल्या सिमेंटचा वास घशात बसत होता. ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली, आणि का कोण जाणे, तिला एवढा आनंद झाला की तिने तोंडावर हात ठेवला. मग अंधारून यायच्या आत ती उठली, कारण नवऱ्याला जेवायला वाढायचं होतं. त्या घरात ती एकदाही झोपली नाही. भाड्याने देऊया, नवरा म्हणाला होता, रिकामं ठेवून काय करायचंय, आणि हप्ता तरी सुटेल. ते खरंच होतं. त्याचं बोलणं नेहमी खरंच असायचं, म्हणून तर त्यावर काही बोलता यायचं नाही. भाडेकरू म्हणून मास्तर आला. मोटार चालवायला शिकवणाऱ्या शाळेत तो मास्तर होता, बरोबर त्याची म्हातारी आई. मऊ बोलणारा, मान किंचित तिरकी ठेवणारा माणूस. "ताई, घर तुमचं. आम्ही फक्त सांभाळणारे," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. नवरा गेला, दिराने वर्षश्राद्धाचीही वाट न पाहता कागद पुढे ठेवले, तेव्हा तिने मास्तरला घर सोडायला सांगितलं. तो हो म्हणाला. मग आईचा खुबा मोडला, आणि तो थोडं थांबा म्हणाला. मग तो काहीच म्हणेना. कोर्टात त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. निकाल तिच्या बाजूने लागला तेव्हा वकील तिचं अभिनंदन करत होता आणि ती मास्तरच्या चपलांकडे पाहत होती. एका चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला होता. त्याचं आता काय करायचं हे तिला कळेना. दया येणं परवडण्यासारखं नव्हतं.

दुकानं बंद झाली, पडद्यांचंही झालं. एवढी माणसं घरात बसलेली, दिवसभर खिडक्यांतून बाहेर बघणारी, आणि पडदे शिवायला कोणी नाही. घराबाहेर पडायला औषधांचं निमित्त चालायचं. वहिनी औषधाची चिठ्ठी आनंदाने लिहून द्यायची. ती चिठ्ठी घेऊन, तोंडाला फडकं बांधून, ती उलट दिशेला जायची. ओस रस्त्यांवरून आपल्याच पावलांचा आवाज ऐकत शीतगृहाच्या भिंतीपाशी येऊन उभी राहायची आणि वर बघायची. आपलं घर. खिडकीला पडदा नव्हता, एक जुनी चादर दोन खिळ्यांना अडकवली होती, तीही तिरकी. तिचे हात शिवशिवायचे. त्या चादरीच्या फटीतून म्हातारी दिसायची, खाटेवर बसलेली. एक दिवस म्हातारीने तिला पाहिलं आणि हात हलवला. कोण बाई रोज येऊन उभी राहते हे तिला माहीत नसावं, ओसाड रस्त्यावर माणूस दिसलं म्हणून हलवला असेल. हिचाही हात आपोआप वर गेला. अर्ध्यावर आल्यावर तिला राग आला, असा की डोळ्यांपुढे पांढरं झालं. माझ्या खिडकीतून मला हात करते. मला, रस्त्यावर उभीला. त्या तिरमिरीत ती जिना चढली.

मास्तरने दार उघडलं. बनियनवर होता, दाढी वाढलेली. तिला पाहून त्याने आधी खुंटीवरचा शर्ट ओढून अंगात घातला, गुंडी चुकीच्या काजात गेली. "या ना ताई," तो म्हणाला आणि दारातून हलला मात्र नाही. "यायला मी पाहुणी नाही," ती म्हणाली. जिन्यात तिचा आवाज घुमला. शेजारचं दार किलकिलं होऊन पुन्हा मिटलं. "कधी सोडताय?" तो मान तिरकी करून फरशीकडे बघत राहिला. "ताई, शाळा बंद आहे. गाड्या झाकून ठेवल्यात. या दिवसांत आईला घेऊन कुठे जाऊ? कोणी जिन्यात उभं करत नाही." मग अगदी खालच्या आवाजात, शिवी दिल्यासारखं नाही, चोरी कबूल केल्यासारखं तो म्हणाला, "आणि आता कायदाही आमच्याकडून आहे." "माझ्याकडून कोण आहे? मी कुठे जाऊ?" "तुम्हाला भाऊ आहे," मास्तर म्हणाला.

परतीच्या वाटेवर ती हे वाक्य उलटसुलट करून पाहत राहिली. त्यात खोटं काही नव्हतं. कोर्टातही त्याचा वकील तेच म्हणाला होता, पण तिथे ते तिच्या विरुद्ध होतं, इथे ते सांत्वनासारखं होतं, आणि म्हणून जास्त लागलं. तिला भाऊ होता. लहानपणी तो तिला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा, त्याची हनुवटी तिच्या डोक्यावर टेकायची. आता तो रोज जेवताना ताटात बघून जेवायचा. त्या दिवशी जेवणावरून उठता उठता वहिनी म्हणाली, "वन्सं, राग मानू नका, पण परीक्षा घरूनच द्यायची म्हणे हिला. सोफ्यावर बसून कशी देणार?" दादा म्हणाला, "होईल काहीतरी." वहिनी म्हणाली, "काहीतरी काही होत नाही, कोणीतरी करावं लागतं." तिचे डोळे भरून आले होते. वहिनीचे. ती वाईट बाई नव्हती, तिला फक्त आपलं घर परत हवं होतं. आपल्याहून जास्त कोणाला समजणार होतं ते? तिला वाटलं, वहिनीचा हात धरावा आणि म्हणावं, माझंही अगदी असंच आहे गं. पण असं कोणी म्हणत नाही. तिने ताटं उचलली.

मास्तरचा फोन आला तो दुपारी. आवाज ओळखू येईना, प्रत्येक शब्दानंतर धाप. "ताई, मला नेतायत. खाली गाडी उभी आहे. आई एकटी राहते, तिला उठता येत नाही. शेजारचे दार उघडत नाहीत. बहिणीचा फोन लागत नाही. तुमच्याकडे दुसरी किल्ली आहे." मागून कोणीतरी "चला, चला" म्हणत होतं. "मला माहितेय मी कोणत्या तोंडाने..." आणि फोन बंद झाला. ती उभी राहिली. आत काय काय उसळलं होतं त्यात पहिली कोणती गोष्ट होती, हे तिने नंतर फार वेळा शोधून पाहिलं. म्हातारीची कीव होती का? होती, पण पहिली नव्हती. पहिली गोष्ट अशी होती की घर उघडं आहे. तिने फोनचं सांगितल्यावर दादा "विचार कर" म्हणाला आणि वहिनीने तिची बॅग पलंगाखालून स्वतः ओढून काढली. "आजार आहे त्या घरात," वहिनी दाराशी म्हणाली, "तुम्ही जाताय ते पुण्याचंच काम आहे. पण वन्सं, मग इतक्यात परत... मुलगी आहे घरात." "समजलं," ती म्हणाली. जिना उतरताना तिला हलकं वाटलं आणि लाजही वाटली, दोन्ही इतकं एकात एक की वेगळं काढता येईना.

किल्ली सहज फिरली. आतला वास तिच्या घराचा नव्हता. औषधी तेलाचा, बंद हवेचा, उतू गेलेल्या दुधाचा होता. म्हातारी खाटेवर ताठ बसली होती. अंथरूण ओलं झालं होतं आणि तिचा चेहरा त्यामुळे दगडासारखा झाला होता. "तू रस्त्यावरची ना?" ती म्हणाली. "भिंतीपाशी उभी राहणारी." "हो. घर माझं आहे, मावशी." "ते माहितेय. माझ्या हाताला धर, असं नाही, काखेत." तिने म्हातारीला उठवलं, धुतलं, कोरडं केलं. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात हात शिकले होते, त्यांना विचारावं लागलं नाही. म्हातारीचं अंग हलकं होतं आणि तिरस्काराने गच्च. सगळं झाल्यावर खिडकीवरची चादर काढून तिने बॅगेतले पडदे लावले. मापं तिला पाठ होती, काचेच्या रेषेला रेष मिळाली. म्हातारी बघत होती. "चांगले आहेत," ती म्हणाली, "मला काही दिसत नाही आता."

त्या रात्री ती पहिल्यांदा आपल्या घरात झोपली. म्हणजे स्वयंपाकघरात ओट्याखाली सतरंजी टाकून पडली. त्या आनंदाची ती वाट पाहत राहिली, मागच्या वेळी अचानक आला होता तो, खुर्ची ओढल्याच्या आवाजाबरोबर. बाहेरच्या खोलीतून म्हातारीचा श्वास ऐकू येत होता आणि ती त्या श्वासाचंच धोरण ठेवून कूस बदलत होती, हळूच, आवाज न करता, चादरीला सुरकुती पडणार नाही अशी.

दिवस जाऊ लागले. तपासणीला माणसं येऊन गेली, दोघींनाही आजार नव्हता. म्हातारी तिखट होती. मऊ भात दिला की म्हणायची, "मला खुब्याला लागलंय, दातांना नाही." कधी मास्तरच्या लहानपणाचं सांगायची, की तो कसा रस्ता ओलांडायला घाबरायचा आणि मोठेपणी नेमका गाडी शिकवायला लागला. "शिकणाऱ्याच्या शेजारी बसतो, पायाखाली त्याचाही ब्रेक असतो. घरी जेवताना सुद्धा पाय दाबतो मेला." हे सांगून ती हसली, आणि हसता हसता तिने भिंतीकडे तोंड केलं. इस्पितळातून रोज एकच उत्तर यायचं, स्थिर आहे. मग एका दुपारी दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "अगं, मी वकिलाशी बोललो. तू बाहेर काढलेलं नाहीस कोणाला. तो स्वतः गेला, स्वतः तुला बोलावलं. आता तू आत आहेस. आतल्याला काढता येत नाही, हाच तर कायदा आहे सध्या. म्हातारीची सोय आश्रमात होईल, तीही मी बघतो." तो जिवाच्या कळकळीने बोलत होता, बहिणीसाठी बरेच दिवसांत पहिल्यांदा काही करायला मिळालेल्या भावाच्या आवाजात. "बघते," ती म्हणाली. फोन ठेवला. म्हातारी टक लावून बघत होती. घर दोन खोल्यांचं, दादाचा आवाज मोठा.

"तो आला की दार उघडणार आहेस का?" म्हातारीने विचारलं.

"असं काय विचारता?"

"विचारते. मी असते तर उघडलं नसतं." म्हातारीने पांघरुणाच्या कडेवरची गाठ नखाने सोडवायला घेतली. "तुझी खूप वर्षं गेली दुसऱ्यांच्या घरात. अंथरूण कसं घालतेस त्यावरून कळतं. माझीही गेली. मी उघडलं नसतं."

त्यानंतर दिवसभर ती पुन्हा पुन्हा दाराकडे जात होती. आतून एक साधी लोखंडी कडी होती, गंजलेली, जोर लावावा लागायचा. मास्तर इथे राहत असताना ती कधी लावली जात नसावी. ही मात्र लावायची. बाई माणसं दोघीच, म्हणून लावते, असं तिने स्वतःला सांगितलं होतं, आणि तेही खोटं नव्हतं. तिच्या मनात दार उघडण्याचे आणि न उघडण्याचे दोन्ही प्रसंग इतक्या वेळा घडून गेले की दोन्हींचा शीण आला. एकात ती त्याला फटीतून म्हणायची, तुम्हाला बहीण आहे. हे वाक्य तिला फार आवडायचं. ते ती भांडी विसळताना ओठांत घोळवायची.

तो आला सकाळी, फोन न करता. आधी जिन्यात पावलं ऐकू आली, दर दोन पायऱ्यांवर थांबणारी. मग किल्ली आत शिरली, फिरली, दार हललं आणि कडीला अडलं. पुन्हा ढकललं. पुन्हा. तो हाक मारेना. ती दाराच्या आतल्या बाजूला हातभर अंतरावर उभी होती. तिने वळून म्हातारीकडे पाहिलं. मुलगा बाहेर उभा आहे हे म्हातारीला कळलं होतं, तिचे दोन्ही हात खाटेच्या कडेवर घट्ट आवळले होते, पण ओठ मिटलेले होते. तीही हाक मारेना. ती बघत होती. बाहेर त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि मग एक घसटल्याचा आवाज आला, कोणी दाराला पाठ लावून खाली बसल्यासारखा. तिला वाटलं आपण त्या वाक्याची वाट बघतोय. वाक्य आलं नाही. त्याऐवजी तिच्या तळव्याला कडीचा गार गंज लागला आणि तिने जोर लावला. दार आत आलं, त्याच्याबरोबर मास्तरही पाठीवर आत आला. तो एवढासा झाला होता. खालून वर तिच्याकडे बघत, मान तिरकीच, तो म्हणाला, "ताई, चुकलो. आधी कळवायला हवं होतं." म्हातारी तेव्हा रडली, ओरडून, मुलाला शिव्या देत. पुढे केव्हातरी तिने म्हातारीला विचारलं, "तुम्ही हाक का मारली नाहीत?" म्हातारी म्हणाली, "मला बघायचं होतं." काय दिसलं ते मात्र तिने सांगितलं नाही.

परत जायला तिला जागा नव्हती, त्याला काढायला कायदा नव्हता. तेव्हा तिघं राहिली. बाहेरच्या खोलीत मायलेक, आत ओट्याशी ती. मधल्या उंबऱ्यावर तिने जाड कापडाचा एक पडदा सोडला, अस्तर लावून. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी खोकून मग आत यायचं असं चालायचं. मग ते खोकणंही थांबलं, कारण त्या दिवसांत खोकल्याने सगळेच दचकायचे. मास्तर बरा होत गेला. भाजी निवडून द्यायचा, दादाने टेम्पोने पाठवलेलं तिचं शिवणयंत्र त्याने खोलून तेल घातलं, आणि ती मोहल्ल्यातल्या लोकांचे कपडे उसवून-शिवून देऊ लागली तेव्हा पिशव्या पोचवायला लागला. एकदा जेवताना म्हातारी काही बोलली आणि तिघंही एकदम हसली, आणि हसू ओसरल्यावर तिला भीती वाटली. असंच राहिलं तर? हे असंच बरं वाटायला लागलं तर? हुकुमाची मुदत वाढायची. वाढली की मास्तर तिच्यासमोर चेहरा सरळ ठेवायचा आणि ती त्याच्यासमोर. दोघांनाही कोणत्या बाजूने सुटकेचा श्वास टाकायचा ते उमजायचं नाही. ती आंघोळीला गेली की बाहेर ती दोघं मोकळेपणाने बोलायची, पाणी बंद केलं की थांबायची. आपल्याच घरात आपण आल्यावर बोलणं थांबतं, हे तिला पूर्वीही ठाऊक होतं. फक्त आता घर तिचं होतं.

मग एक दिवस वकिलाचा फोन आला. "बंदी उठली. कोर्टाने नवी तारीख दिलीय, येता शुक्रवार. निकाल जुनाच आहे, फक्त बजावायचा. चालवायचं ना पुढे?" ती यंत्रावर बसली होती, सुईखाली कोणाचीतरी बाही. पडद्यापलीकडे मास्तर आईचे पाय चोळत होता, आणि म्हातारी त्याला सांगत होती, वर, अजून वर. "ऐकताय ना?" वकील म्हणाला. "चालवायचं?"

"हं," ती म्हणाली.

एवढंच. तो शब्दसुद्धा नव्हता. फोन ठेवल्यावर तिने बाही पुरी केली. त्या "हं"मध्ये ऐकतेय एवढंच होतं, असं तिला म्हणता आलं असतं, वकिलाला पुन्हा फोन करून म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. ती रोज फोनपाशी जाऊन यायची. आणि त्या दिवसांत ती दोघांशी इतकी चांगली वागली की तिचं तिलाच सोसेना. म्हातारीचे केस धुतले, मास्तरच्या शर्टाची कॉलर उलटवून दिली, जेवताना आग्रह केला. गुरुवारी दुपारी मास्तर पिशव्या पोचवायला गेल्यावर म्हातारी म्हणाली, "कधी?"

"काय कधी?"

"दोन वेळा वाढतेस. जाणाऱ्याला वाढतात तसं. कधी?"

"उद्या," ती म्हणाली.

म्हातारीने मान हलवली, जणू भाजीचा भाव ऐकला. "त्याला मी सांगते. तू सांगू नकोस. तू सांगितलंस तर तो रडेल, आणि मग तुला राहा म्हणावं लागेल, आणि मग तू आम्हाला जन्मभर वाढत बसशील, अशीच." मग तिने पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. "शाळेच्या आवारात एक खोली आहे. टायर ठेवतात तिथे. मालक कधीचा देतो म्हणतोय. यालाच नको होती, माझ्यामुळे." ती खोली असल्याचं ऐकून तिला बरं वाटलं. आणि ती कधीचीच होती हे ऐकून राग यायला हवा होता, तो शोधूनही सापडला नाही.

शुक्रवारी कोर्टाचा माणूस एका शिपायाला घेऊन आला. उतारवयाचा, दम लागलेला, तोंडावरचं फडकं हनुवटीखाली. सामान खाली गेलंच होतं, टेम्पोत बसेल एवढंच होतं. मास्तरने तिला आपल्याकडची किल्ली दिली आणि "येतो ताई" म्हणाला. सवयीने म्हणाला, मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. म्हातारीला खुर्चीत बसवून मास्तर आणि टेम्पोवाला खाली नेणार होते. दाराबाहेर खुर्ची टेकवली तेव्हा ती पुढे झाली, काही बोलायला तोंड उघडलं.

"नको," म्हातारी म्हणाली. "तू चांगली आहेस असं मी म्हणावं म्हणून उभी आहेस. ते मी म्हणणार नाही. वाईट आहेस असंही म्हणणार नाही. उचला रे."

खुर्ची वळणावर भिंतीला घासत, थांबत, खाली जात राहिली. तो आवाज पुरता विरेपर्यंत ती कठड्याशी उभी होती, मग आत आली आणि ओट्याकडे गेली, पाणी पिण्यासाठी. पेला भरला आणि प्यायचं राहून गेलं. घरात कुठलाही आवाज नव्हता. कोर्टाचा माणूस उंबऱ्याबाहेर कागदावर काही लिहीत होता. ताबा देण्याआधी विचारायची पद्धत असावी, कारण त्याने मान वर न करता, पाठ केलेल्या आवाजात, रिकाम्या घरात विचारलं, "आत कोणी राहिलंय का?"

तिने उत्तर द्यायला हवं होतं. तिने पेला ओट्यावर ठेवला.

"आत कोणी राहिलंय का?" त्याने चढ्या आवाजात विचारलं.

"मी," ती म्हणाली. "मी आहे."

"तुमचं नाही हो बाई." तो दमलेलं हसला. "काढायचं असं कोणी आहे का?"

"नाही," ती म्हणाली. त्याने कागद पुढे केला, तिने सही केली. शिपाई आधी उतरला, मागून तो. त्यांची पावलं जिन्यावरून, फाटकातून, रस्त्यावर गेली, तरी ती ओट्याला टेकून तशीच उभी होती, पदर सावरलेला, पायांत चपला, कोणी नाव घेतलं की लगेच निघता यावं अशी.